बादलीसाहेबांचं गाणं

माझा थोरला भाऊ आरमारात अधिकारी होता असं सांगितलं, की लोकांच्या डोळ्यांपुढे गळ्यात दुर्बीण लटकवलेला कुणीतरी रुबाबदार गडी उभा राहतो. आमच्या दादाकडे दुर्बीण नव्हती. पांढरा पोशाख होता, पण त्यावर कायम ग्रीसचे डाग. जहाजाला भोक पडलं, आग लागली, पाणी शिरलं, तर काय करायचं ते बघणारं एक खातं असतं, त्याचा दादा प्रमुख. पंप, पाण्याचे पाइप, लाकडी पाचरी, भोकात कोंबायच्या गाद्या आणि ढीगभर बादल्या, हा त्याचा संसार. सुट्टीवर आला की वडील दुकानातूनच ओरडायचे, "या, बादलीसाहेब, या! आमचाही नळ गळतोय!"

परवा त्याच्या आरमारातले दोन तरुण अधिकारी दुकानात येऊन गेले. दादाचा फोटो कुठल्याशा दालनात लावायचा आहे म्हणे, आणि खाली लिहायचं आहे 'गाणारा अधिकारी'. मी म्हटलं, लावा. तुमची भिंत, तुमचा खिळा. त्यातला एक म्हणाला, "ताई, युद्धात त्यांनी गाऊन माणसांचा धीर टिकवला. केवढी सुंदर गोष्ट आहे!" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सुंदर! मी हातातलं शिलाई मशीन उघडून ठेवलं होतं, त्यात मान घातली ती ते दोघं जाईपर्यंत वर काढली नाही. पण तेव्हापासून चैन नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

हे दुकान वडिलांचं. शिलाई मशीन दुरुस्तीचं. खाली दुकान, वर आम्ही. वरच्या पुढच्या खोलीत आई मुलांना गाणं शिकवायची. पेटीचा भाता फाटलेला, त्याला वडिलांनी बुटाचं चामडं चिकटवून दिलेलं; त्यामुळे सुराबरोबर एक फुसफुस यायची, आणि नवं मूल हमखास हसायचं. आईची शिस्त मात्र हसण्यासारखी नव्हती. पुढे गाणाऱ्याची ओळ पुरी झाल्याशिवाय मागच्यांनी तोंड उघडायचं नाही. कुणी घाई केली की पट्टी पेटीवर आपटायची. "तो श्वास घेतोय, मेलेला नाही! थांबायला शिका!" हे वाक्य आमच्या घरात दिवसातून कितीदा ऐकू येई याला गणतीच नाही.

लहान मुलांसाठी तिने स्वतःच एक गाणं जुळवलं होतं. गाणं कसलं, घरकामांची टाळाटाळ. पुढचा म्हणणार, "घागर भरली, उचला कुणी," आणि मागचे सगळे म्हणणार, "आलो आलो, थांब जरा." "चूल पेटली, बघा कुणी." "आलो आलो, थांब जरा." अशी कडवी वाटेल तितकी वाढवता यायची. दादा पुढे गाणारा. त्याचा आवाज गोड नव्हता, पण असा सरळ आणि भरीव होता की खाली दुकानात गिऱ्हाइकाशी बोलणं अवघड व्हायचं. वडील छताला काठी ठोकायचे.

हेच गाणं घेऊन तो आरमारात गेला.

युद्ध सुरू झालं आणि पहिल्याच सुट्टीत त्याने आम्हाला ते प्रात्यक्षिकासह दाखवलं. जहाजावर हल्ल्याचा इशारा झाला की सगळे कप्पे बंद करतात. लोखंडी दारं, लोखंडी झाकणं, वरून खिट्ट्या. एका कप्प्यात पाणी शिरलं तर ते दुसऱ्यात जाऊ नये म्हणून. खाली इंजिनपाशी, सुकाणूच्या यंत्रापाशी, दारूगोळ्याच्या कोठीत जी माणसं असतात ती तशीच आत बंद. वर काय चाललंय त्यांना काही कळत नाही. फक्त धक्के कळतात. टेलिफोन होते, पण एकदा हादरा बसला की तारा तुटायच्या. म्हणून जुन्या पद्धतीच्या पितळी नळ्या होत्या, वरून बोललं की खाली ऐकू जाणाऱ्या. सगळ्या नळ्यांची तोंडं दादाच्या जागेपाशी एका ओळीत.

"सुरुवातीला सगळे एकदम बोलायचे," दादा सांगत होता. "इंजिनवाला ओरडतोय, सुकाणूवाला ओरडतोय, आणि त्या गोंधळात एकदा कॅप्टनचा हुकूमच कुणाला ऐकू आला नाही. मग मी नियम केला. विचारल्याशिवाय खालून एक अक्षर बोलायचं नाही. मी गाणार. प्रत्येक नळीत एकेक ओळ. ओळ संपली की त्यांनी 'आलो आलो' म्हणायचं. उत्तर आलं की मला कळतं, कप्पा कोरडा आहे, माणसं शाबूत आहेत. आणि त्यांना कळतं, वर मी शाबूत आहे."

मग त्याने दुकानातलं तेलाचं नरसाळं रबरी नळीत बसवलं, नळी वरच्या खिडकीतून खाली सोडली, आणि आईच्या वर्गातल्या मुलांना खाली पाठवून वरून गाऊ लागला. मुलं खालून किंचाळत उत्तरं देत होती. सगळ्यांची हसून पुरेवाट झाली. आईसुद्धा हसली. एका पोराने ओळ अर्धी असतानाच उत्तर दिलं, तेव्हा तिने सवयीने खिडकीवर पट्टी आपटली.

मी सहज विचारलं, "आणि कुणी उत्तरच दिलं नाही तर?"

"तर तिथे कुणी उरलं नाही असं समजायचं," दादा म्हणाला. भाजीचा भाव सांगावा तसं. नळी गुंडाळत गुंडाळत.

व्यवस्था तर चोख होती. पण मला वाटलं, एवढ्या चोख व्यवस्थेत माणसाला खोकायलासुद्धा जागा ठेवलेली नाही.

त्याच सुट्टीत दादाच्या जहाजावरचा जावईबापू दुकानात आला. खरं नाव वेगळं होतं, पण अख्खं जहाज त्याला जावईबापूच म्हणायचं, कारण लग्न नुकतंच झालं होतं आणि बायकोचा विषय निघाला की तो कानापर्यंत लाल व्हायचा. दारूगोळ्याच्या कोठीत काम. मितभाषी म्हणजे किती, तर दादाला बघून दारातच उभा राहिला, आणि "काय रे?" म्हणेपर्यंत कशाला आलोय तेही बोलला नाही. बायकोचं मशीन बिघडलं होतं. बायको मागे उभी होती, बारीक चणीची, टपोऱ्या डोळ्यांची, आणि दोघांच्या वाटचं तीच बोलायची. मशीनचा पट्टा ढिला, शटल झिजलेलं. मी काम करेपर्यंत आईने दोघांना वर जेवायलाच बसवलं.

जेवताना ती दादाला म्हणाली, "साहेब, तुम्ही वर असता आणि हे पार तळाला—"

"साहेब काय म्हणतेस घरात? भाऊजी म्हण," आई म्हणाली.

"बरं, भाऊजी. मला यांनी गाण्याचं सांगितलंय. तुम्ही एक करा. हे वर आल्याशिवाय गाणं थांबवू नका."

जावईबापू ताटात बघून हसला. दादाही हसला. म्हणाला, "वहिनी, शब्द दिला. हे वर येईपर्यंत माझं तोंड बंद होणार नाही. आमची आई म्हणेल, त्यात नवीन काय!"

सगळे हसले. मी हसले नाही असं आता सांगायला सोपं आहे, पण मीही हसले. फक्त ते दोघं मशीन उचलून गल्लीच्या वळणाला दिसेनासे झाले तेव्हा मनात आलं, की दादाने हा शब्द द्यायला नको होता. शब्द देणं त्याच्या हातात होतं. बाकी काहीच नव्हतं.

नंतर बरेच दिवस पत्र नाही. रस्त्यावरचे दिवे झाकले गेले. दुकानात गणवेश शिवणाऱ्यांची मशीनं येऊन पडू लागली, जाड कापडाने सुया मोडलेली, आणि कामाला उसंत नव्हती. आईच्या वर्गात मुलं येईनाशी झाली. ती एकटीच पेटी उघडून बसायची आणि वाजवायची नाही.

मग एक दिवस बातमी आली, की दादाचं जहाज जखमी होऊन बंदरात आलंय, दादा सुखरूप आहे. जिवात जीव आला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात मोठा मजकूर: आगीत सापडलेलं जहाज वाचवलं, आणि बंद कप्प्यांतल्या माणसांना एक अधिकारी शेवटपर्यंत गाणं गाऊन धीर देत होता. वडिलांनी तो मजकूर प्रत्येक गिऱ्हाइकाला वाचून दाखवला. खाली बारीक टाइपात मेलेल्यांची नावं होती. त्यांत कोठीतले दोघं होते. एक जुना खलाशी, ज्याला सगळे मामा म्हणत, आणि दुसरा जावईबापू. त्यांना तत्काळ मरण आलं, असं छापलं होतं.

आई म्हणाली, "अरे देवा. ती पोरगी." आणि वडिलांच्या हातातला पेपर काढून घेतला.

दादा घरी आला तो वेगळाच आला. अंगाला कुठे ओरखडा नव्हता. जेवायचा, झोपायचा, विचारलं तर बोलायचा. पण वाक्य अर्धं ठेवायचा नाही. मध्ये ठसका लागला, कुणी हाक मारली, काहीही झालं तरी समोरच्याचा हात धरून वाक्य पुरं करायचा, मग ते कितीही फालतू असो. "मीठ जरा कमी आहे" एवढं म्हणायलासुद्धा त्याला घाम फुटायचा. लोक येत, गाण्याचा आग्रह करत. शेजारचा शिंपी तर हट्टालाच पेटला. दादा म्हणे, "घसा गेलाय हो." घसा ठणठणीत होता.

एका दुपारी दाराची कडी वाजली. मी मागच्या खोलीत मशीनला तेल देत होते, हात बरबटलेले. कुणीही ओरडेल तशी मी ओरडले, "आले आले, थांबा जरा!"

पुढच्या खोलीत धडाम् आवाज झाला. धावत गेले तर दादा खुर्चीसकट खाली पडलेला. डोळे उघडे, चेहरा कागदासारखा पांढरा, आणि दोन्ही हातांनी तो हवेत काहीतरी गोल फिरवत होता. डावीकडून उजवीकडे, जोर लावून, पुन्हा पुन्हा. मला वाटलं, झटका आला. दाराबाहेर टपालवाला कडी वाजवतच होता. मी त्याला अशी काही खेकसले की तो बिचारा पत्र उंबऱ्यात टाकून पळाला.

त्या संध्याकाळी वडील बाहेर गेल्यावर मी दुकानाचं दार लोटलं आणि दादाला समोर स्टुलावर बसवलं. म्हटलं, आता बोल. आणि तो बोलला. एकदाच. माझ्यापाशी पुन्हा कधी नाही.

हल्ला दुपारी झाला होता. लख्ख ऊन. दादा नळ्यांपाशी गात होता आणि चारी बाजूंनी उत्तरं येत होती. इंजिनवाले नेहमीसारखे बेसूर, सुकाणूवाले घाईत, आणि कोठीतले दोघं सगळ्यांत व्यवस्थित. पुढच्या बाजूला गोळा लागला तेव्हा तो कोठीच्या नळीत गात होता. "दार वाजलं—" एवढं म्हटलं आणि धुराचा लोट अंगावर आला. खोकल्याने तो दुमडला. ओळ तिथेच तुटली.

सावरून त्याने इतर नळ्यांत ओरडून विचारलं. सगळीकडून ओ आली. मग कोठीच्या नळीला कान लावला. काही नाही. टेलिफोन बंद. कोठीच्या वरच्या बोळात आग लागली होती, अजून लहान होती. पाइप घेतलेली दोन माणसं तिला झाकणापासून मागे रेटत होती. कॅप्टनने वरून विचारलं, "कोठीतून उत्तर आहे?"

दादाने पुन्हा कान लावला. नळीत शांतता. म्हणाला, "उत्तर नाही, सर."

"मग पाणी सोडा."

कोठीत आग गेली असती तर अख्खं जहाज उडालं असतं. म्हणून तिच्यात समुद्राचं पाणी सोडायचं एक चाक असतं. ते दादाच्या खात्यात. त्याने स्वतःच्या हातांनी ते फिरवलं. डावीकडून उजवीकडे. पाइपवाल्या माणसांना दुसऱ्या आगीकडे पाठवलं, कारण आता झाकणाकडची वाट मोकळी ठेवायची गरज उरली नव्हती. बोळ धडधडून पेटला.

"मग मी नळीपाशी आलो," दादा म्हणाला. "मला ती ओळ तशी टाकवेना. दोघं चांगले गायचे गं. म्हणून मी ती पुरी केली. 'उघडा कुणी.' बस्स."

मी म्हटलं, "मग?"

"खालून उत्तर आलं. 'आलो आलो, थांब जरा.' दोघांचं. तालात."

दुकानातली सगळी मशीनं माझ्याकडे बघताहेत असं मला वाटलं. मग कळलं. ते दोघं थांबले होते. गोळा लागला, हादरा बसला, पण तळाला तसे हादरे नेहमीचेच. पुढच्याची ओळ पुरी झाली नव्हती. आणि विचारल्याशिवाय बोलायचं नाही. दादाने इतरांना विचारलं. त्या नळीला त्याने फक्त कान लावला. ती दोघं शहाणी माणसं खाली अंधारात बसून, साहेब ओळ कधी पुरी करतात त्याची वाट बघत होती.

"अरे, हाक मारायची होतीस!" मी ओरडले. मला राहवलंच नाही. "नावाने हाक मारायची होतीस रे!"

"हो," दादा म्हणाला.

चाक उलटं फिरवायला तो धावला होता. कॅप्टनने हात धरला. आग कोठीच्या भिंतीपर्यंत पोचली होती, झाकणावर उभं राहणं शक्य नव्हतं, आणि जहाजावर उरलेली सगळी माणसं होती. चाक तसंच राहिलं. मग नळीतून जावईबापूचा आवाज आला. विचारल्याशिवाय तो पहिल्यांदाच बोलला. "साहेब, पाणी येतंय."

"मी म्हणालो, झाकण उघडायला माणसं पाठवली आहेत. येतच आहेत. तोवर गात राहा," दादा म्हणाला. "कुणालाही पाठवलं नव्हतं. पाठवण्यासारखं नव्हतंच. मी घागर म्हटली, चूल म्हटली, आईची सगळी कडवी म्हटली, संपली तेव्हा नवी रचून म्हटली. ते उत्तर देत होते. मग मामाचा आवाज गेला. जावईबापू एकटा देत होता. प्रत्येक वेळी ओळ पुरी होऊ द्यायचा."

शेवटी काय झालं ते त्याने सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. तो एवढंच म्हणाला, "त्यांना शेवटपर्यंत वाटलं, माणसं येताहेत. एवढं तरी मी केलं." या एका वाक्याला तो बुडत्याने फळी धरावी तसा धरून होता. ते मला दिसत होतं. त्याखाली काहीच नव्हतं.

आईला हे आम्ही सांगितलं नाही. तिची शिस्त, तिचं गाणं. ती लवकरच गेली, आणि वडीलही. दादाने आरमार सोडलं, लग्न केलं नाही, दुकानात माझ्याबरोबर बसू लागला. मशीनचं काम त्याला छान जमायचं. पण दाराशी कुणी उभं राहिलं की तो आधी मागच्या खोलीत जायचा, आणि कोण आलंय ते मी सांगितलं की बाहेर यायचा. तो कुणाची वाट बघत होता ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. वर्षामागून वर्षं जावईबापूची बायको आली नाही. तिने गाव सोडलं, कुठेतरी शाळेत शिवण शिकवते, एवढं कानावर आलं होतं. येणार नाही असं मला वाटू लागलं होतं. दादाला तसं कधीच वाटलं नाही.

आणि ती आली. केस पिकलेले, डोळे तसेच टपोरे. मी दार अडवून उभी राहिले. म्हटलं, "दादाची तब्येत बरी नसते."

"मला साहेबांना एकच विचारायचंय," ती म्हणाली. भाऊजी नाही, साहेब. "पेपरात आलं होतं, तत्काळ गेले. पण गाणं शेवटपर्यंत चाललं असंही आलं होतं. मी इतकी वर्षं ती दोन वाक्यं शेजारी ठेवून बघतेय. ती जुळत नाहीत."

मी तिला काहीतरी थाप मारून कटवणार होते. अगदी तोंडावर आलं होतं. पण मागच्या खोलीचं दार उघडलं आणि दादा स्वतःहून बाहेर आला. तिला खुर्ची दिली. आपण उभाच राहिला. आणि त्याने तिला सगळं सांगितलं. मला सांगितलं होतं तसंच, एक शब्द न गाळता. तुटलेली ओळ, कान लावणं, उत्तर नाही सर, चाक. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. ती रडेल, किंचाळेल, त्याच्या अंगावर धावून जाईल, अशा सगळ्याची तयारी मी केली होती. तिने फक्त पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, इतकं घट्ट की बोट पांढरं पडलं.

"ओळ पुरी होईपर्यंत थांबले," ती म्हणाली. "थांबणारच. घरीही तसेच होते. मी बोलत सुटायचे आणि हे माझं संपायची वाट बघायचे."

दादा म्हणाला, "वहिनी, एक मात्र खरं. माणसं येताहेत असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी ते मानलं. शेवटपर्यंत मानलं. भीती त्यांना वाटली नसेल."

तिने बोटाला गुंडाळलेला पदर सोडला. मला वाटलं, हिने आता हो म्हणावं. एवढं एक हो म्हणावं आणि जावं. आयुष्यात मी कुणाला मनातल्या मनात इतके हात जोडले नसतील.

"साहेब," ती म्हणाली, "त्यांच्याशी खोटं बोलून माझं कधी निभावलं नाही. आवाजावरून ओळखायचे. तोंड न बघता, पलीकडच्या खोलीतून. मला दिवस गेले होते ते राहिले नाहीत, तेव्हा मी आतूनच म्हटलं, मला काही झालं नाही, जरा पडलेय. तर बाहेरून म्हणाले, रड आता. तुम्ही तर धुरात, खोकत, घाबरून बोललात. त्यांना पहिल्या शब्दाला कळलं असणार, कुणी येत नाही म्हणून."

दादाचा हात मशीनच्या चाकावर होता. तो तसाच राहिला.

"मग," तो म्हणाला, "मग ते गात का राहिले?"

"तुमचाच नियम होता ना," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, तेच जास्त भयंकर होतं. "उत्तर आलं नाही म्हणजे माणूस नाही. ते गप्प बसले असते तर तुम्हाला कळलं असतं, आपण काय केलं ते. जमेल तितका वेळ त्यांनी तुम्हाला ते कळू दिलं नाही."

ती उठली. दारापाशी थांबून तिने वळून बघितलं. मला वाटतं, दादा काही बोलेल अशी तिला आशा होती. एवढ्या लांबून आली होती ती. दादाने तोंड उघडलं. "वहिनी, मी—" एवढंच आलं. पुढचं आलं नाही. इतक्या वर्षांत त्याने कुणापुढे वाक्य अर्धं सोडलं नव्हतं.

ती वाट बघत उभी राहिली. खूप वेळ उभी राहिली. मग पायऱ्या उतरून गेली.